नाशकात बसून कोळंबीच्या पट्ट्यातला समुद्रतळ कसा बघायचा

आधी मच्छीवालीला सांगा, मावशी तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई कोळंबी नको, ट्रॉलरची (तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटीची) बारीक मिक्स कोळंबी द्या, न निवडलेली, कारण साफ केलेल्या मालात काहीच सापडत नाही. घरी पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून पसरवा आणि चिमट्याने वेगळं करत जा, छोटे खेकडे, शंख, चपटी लेपटी मासळी. स्क्विला (कोळंबीसारखा दिसणारा समुद्री प्राणी) दिसला तर जपून, पुढचे काटेरी पाय प्रार्थना कीटकासारखे (मँटिस) दुमडलेले असतात आणि शेपटीचे काटे भसकन घुसतात. ठेवायचं असेल तर ७० टक्के अल्कोहोल. पण जाळ्यात येतात ते बहुतेक तळाच्या वरवर राहणारेच, चिखलातले किडे हवे तर ग्रॅबने (तळाचा गाळ उचलणाऱ्या जबड्यासारख्या यंत्राने) गाळ काढून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवावा लागतो, ते बोटीवरचंच काम.