मधूनच बंद पडणारा कार स्पीकर: नव्या फिटरने कुठून सुरुवात करावी

गिऱ्हाईक सांगतं, "स्पीकर मधूनच बंद पडतो." दुकानात आल्यावर मात्र तो हमखास चालू असतो. नवा फिटर लगेच डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडतो, कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून परत लावतो, आवाज येतोच आहे म्हणून गाडी सोडतो, आणि आठ दिवसांत गाडी परत दारात. कपलर हलवल्याने आतल्या पिना तेवढ्यापुरत्या घासल्या गेल्या, बाकी काही झालेलंच नसतं. फॉल्ट आपल्याला हवा तेव्हा आणता आला तरच तो सापडला असं धरायचं. तोवर पेचकस खिशात.

आधी विचारायचं. एक स्पीकर जातो की सगळे? खड्ड्यात, दार उघडताना, आवाज वाढवल्यावर की अर्ध्या तासाने? एकच जात असेल आणि दाराशी संबंध असेल, तर बिजागरीजवळची वायर. चारही एकदम गेले तर स्टिरिओचा सप्लाय, अर्थिंग किंवा प्रोटेक्शन, म्हणजे दोष दिसताच स्वतःला बंद करणारी सोय. तापल्यावर जातो आणि थंड झाल्यावर येतो, तर अँप (ॲम्प्लिफायर). बेसच्या ठोक्यालाच जातो, तर व्होल्टेज पडतंय. मग बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एकेक कोपरा वेगळा ऐकायचा, कारण गिऱ्हाईकाचा "मागचा डावा" बऱ्याचदा पुढचा डावा निघतो.

एकट्या स्पीकरच्या तक्रारीत पहिला संशय दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बूटवर घ्यायचा. दार दिवसातून दहा-वीस वेळा उघडतं, त्या वळणावर आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. नुसत्या नजरेला वायर ठणठणीत दिसते. स्टिरिओ हळू आवाजात लावून दार सावकाश उघडझाक करा आणि बूट बोटांनी दाबत न्या. एखाद्या कोनात आवाज गेला की जागा मिळाली. काही गाड्यांत तिथे सलग वायरऐवजी मोठा कपलर असतो, त्यात पिना मागे सरकलेल्या असतात.

इथे एक चूक सर्रास होते. तुटलेल्या जागी डाग (सोल्डर) देऊन, टेप गुंडाळून बूट परत बसवला जातो. पण डाग दिलेला भाग कडक होतो आणि वायर त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. वळणात जोड नकोच. साधारण 1 स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर डॅशबोर्डच्या आतून थेट स्पीकरपर्यंत सलग ओढा. पुढच्या दाराला अडीच-तीन मीटर पुरते. जोड द्यायचाच तर डॅशच्या आत, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) घालून. साध्या टेपचा गोंद मे महिन्यात वितळून सुटतो. सीटखाली, खांबात किंवा डॅशमध्ये पिवळ्या कपलरची वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला मल्टिमीटर लावायचा नाही.

वायर ठीक असेल तर स्पीकरकडे या. स्टिरिओ बंद, स्पीकरची दोन्ही टोकं सुटी, मीटर 200 ओहमवर. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून येणारं रीडिंग, बहुधा 0.2 ते 0.5, आधी वजा करायचं. 4 ओहमचा स्पीकर 3.2 ते 3.8 च्या आसपास दाखवतो आणि तो चांगला असतो, "4 का नाही" म्हणून बदलू नका. पिना लावून ठेवून कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, चार बोटांनी सारखा दाबा. आकडा उड्या मारत असेल तर कोनला जाणारी विणलेली तार, म्हणजे पिगटेल, तुटत आलीय. खरखर लागली तर कॉइल घासतेय. वेगळा ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) मात्र मीटरवर अनेकदा पूर्ण ओपन, म्हणजे तुटल्यासारखा, दाखवतो, कारण त्याच्या सिरीजमध्ये कपॅसिटर असतो. ते रीडिंग पाहून चांगले ट्विटर फेकले जातात.

चारही स्पीकर एकदम जात असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: हल्लीच्या बहुतेक स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे बॉडी अर्थ नसते. चालू स्टिरिओत दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण 6 व्होल्ट डीसी असतात आणि त्या दोघींमध्ये जवळपास शून्य. त्यामुळे स्पीकरची कुठलीही वायर पत्र्याला लागली की स्टिरिओ प्रोटेक्शनमध्ये जातो आणि सगळेच स्पीकर गप्प. बहुतेकदा एखादी वायर स्क्रूखाली चिरडलेली असते. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या (आफ्टरमार्केट) हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळ्या पट्ट्याची ती निगेटिव्ह. कंपनीच्या मूळ वायरिंगला हे रंग लागू पडतीलच असं नाही. चारही जोड्या सोडून एकेक परत लावत जा. जिच्यावर बंद पडेल ती दोषी.

आता अँप. बंद पडताना त्याचा दिवा बघा. लाल, म्हणजे बहुधा प्रोटेक्शन. स्पीकरच्या वायरी काढल्यावर दिवा नीट झाला तर दोष पुढे स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, नाही झाला तर आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून अँपला येणारी सिग्नलची केबल, काढून बघा, तरीही तसाच राहिला तर अँप. वूफरची जोडणीही मोजा. 4 ओहमचे दोन वूफर पॅरलल केले की 2 ओहम होतात. ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल जोडून एक केलेल्या) अँपला सहसा किमान 4 लागतात, म्हणून तो तापून कट होतो. यात अँप बदलून उपयोग नाही.

अँपचा दिवा लाल न होता विझतच असेल तर मोजमाप इंजिन चालू आणि बेस वाजत असताना घ्या. बंद गाडीतला आकडा फसवतो. बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि अँपचा पॉझिटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अँपचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात 0.1 च्या आत हवा. वर गेला तर अर्थचा बोल्ट काढा, रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिंप करा, दातेरी वॉशर घाला, वरून पेट्रोलियम जेली. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका. फ्यूज होल्डर हाताला गरम लागला तर तोही बदला; तो बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत हवा. बाजारात तांब्याच्या भावात तांबं चढवलेली ॲल्युमिनियम वायर खपते, ती स्क्रूखाली चेपत जाते आणि काही महिन्यांत ढिली पडते. सुरीने एक तार खरवडून बघितली की आत पांढरी दिसते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांत जूननंतर एक वेगळाच प्रकार येतो. डोअर पॅडमागची प्लास्टिक शीट आधीच्या फिटरने फाडलेली असते, काचेवरून उतरलेलं पाणी थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येतं आणि तिथे हिरवा थर धरतो. टर्मिनल घासून तात्पुरतं भागतं. शीट बुटाइल टेपने परत चिकटवली नाही तर पुढच्या पावसात तीच गाडी येणार.

सोडण्याआधी ज्या परिस्थितीत स्पीकर जायचा तीच परत आणा: दार वीस वेळा उघडझाक, दोन-चार स्पीडब्रेकर, तापण्याची तक्रार असेल तर अर्धा तास सलग. डोअर पॅडचे स्क्रू पूर्ण आवळण्याआधी काच वर-खाली करून बघा, लांब स्क्रू बसला असेल तर ती तिथेच अडेल.