दमा शांत असतानाही रोजचा पंप का आणि कसा घ्यावा

छातीत घरघर नसताना स्टिरॉइडचा पंप कशासाठी, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने पंप बंदही होतो. ही भीती घालवायची असेल, तर आधी टी-पेशींचे, म्हणजे प्रतिकारशक्तीतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, काम समजून घ्यावे.

गादीच्या धुळीतील माइट नावाच्या सूक्ष्म जीवांची विष्ठा श्वासावाटे आत गेली, की डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, तिचा अंश टिपून लसिकाग्रंथींत नेतात आणि टी-पेशींपुढे ठेवतात. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या शरीरात त्यातून टीएच-२ पेशी, म्हणजे ॲलर्जी चेतवणाऱ्या टी-पेशी, घडतात. हा प्रकार मोस्मन आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत वेगळा ओळखला होता. या पेशी इंटरल्युकिन नावाची संदेश देणारी रसायने सोडतात. त्यांतील इंटरल्युकिन-४ मुळे बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे बनवू लागतात, इंटरल्युकिन-५ वर इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी पोसल्या जातात आणि इंटरल्युकिन-१३ मुळे कफ वाढून श्वासनलिका हळवी होते. शिवाय काही टी-पेशी ही ओळख वर्षानुवर्षे जपतात, त्यामुळे धाप थांबली तरी आतली सूज धुमसत राहू शकते.

धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण ही सूज उतरवत नाही. ते काम स्टिरॉइडचे. ते टी-पेशींची ही रसायने दाबते, मात्र त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात.

फवाऱ्याचा पंप चांगला हलवून स्पेसरला, म्हणजे फवारा साठवणाऱ्या पोकळ नळकांड्याला, लावावा. पूर्ण श्वास सोडून नळीभोवती ओठ घट्ट मिटावेत, एकदाच कळ दाबून सावकाश खोल श्वास घ्यावा आणि सुमारे १० सेकंद रोखून धरावा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा मिनिट थांबून पंप पुन्हा हलवावा. शेवटी खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे, कारण घशात राहिलेल्या औषधामुळे तोंडात बुरशी धरू शकते. ही चूळ अनेकजण विसरतात.

चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. कोकणासारख्या दमट हवेत माइट फोफावतात. बरे वाटले म्हणून मात्रा स्वतःहून कमी करू नये. पंप नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर इंटरल्युकिन-५ अडवणारे मेपोलिझुमॅब किंवा इंटरल्युकिन-४ व १३ या दोहोंचा मार्ग रोखणारे डुपिलुमॅब हे औषध चालेल का, हे छातीच्या डॉक्टरांना विचारावे. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर साल्ब्युटामॉल घेत तत्काळ रुग्णालय गाठावे.