छोट्या जातीच्या पिल्लाला शी-शूची सवय लावताना आधी पावसाळ्यातली जागा ठरवा

कोल्हापुरात पिल्लाला शी-शूची सवय लावायची तर पहिला निर्णय जागेचा, आणि तो पावसाळा डोळ्यांपुढं ठेवूनच घ्यायचा. एप्रिलमध्ये आणलेलं पिल्लू अंगणातल्या गवतावर छान शिकतं. जूनमध्ये झड लागली की तेच पिल्लू दारापर्यंत जातं, माघारी फिरतं आणि दिवाणाखाली मोकळं होतं. याला हट्ट म्हणू नका. पॉमेरेनियन, पग, शित्झू, ल्हासा, डॅशहंड यांच्या पिल्लाचं पोट जमिनीपासून चार बोटांवर असतं, ओल्या गवतात पाऊल पडलं की पोटच भिजतं. म्हणून भर जुलैतही कोरडी राहील अशी एकच जागा पहिल्या दिवशी ठरवायची आणि ती बदलायची नाही. पिल्लू जागा पायांनी ओळखतं. आठ-नऊ आठवड्यांच्या वयात पायाखाली जे लागेल, गवत, माती, कागद किंवा फरशी, तेच त्याच्या मनात 'इथं करायचं' म्हणून पक्कं होतं.

फ्लॅटमध्ये बाल्कनी, बैठ्या घरात मागची पडवी किंवा जिन्याखालचा कोपरा चांगला. न्हाणीघर बऱ्याच जणांना सोयीचं वाटतं, कारण पाणी मारलं की झालं. पण तिथली फरशी दिवसभर ओली असते, दार कधी बंद तर कधी उघडं, आणि पिल्लाला तिथल्या फरशीत आणि स्वयंपाकघराच्या फरशीत फरक कळत नाही. न्हाणीच वापरायची असेल तर कोरड्या बाजूला ट्रे ठेवा आणि दार उघडंच राहील असं बघा. पत्र्याच्या शेडखाली ट्रे ठेवणार असाल तर एक ध्यानात असू द्या: पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की लहान पिल्लू दचकतं, रोखून धरतं आणि आत येऊन करतं. स्लॅबखालची जागा मिळाली तर तीच घ्या.

ट्रे साधारण दोन फूट बाय दीड फूट हवा, कारण करण्याआधी पिल्लू गोल फिरतं. अरुंद ट्रेवर पुढचे पाय आत आणि मागचे बाहेर राहतात, मग सगळं काठावरून फरशीवर जातं. काठ दोन इंचांहून उंच नको. ट्रेमध्ये कृत्रिम गवताची चटई घाला, नाहीतर रोपवाटिकेतून लॉनचा तुकडा आणा. खरं लॉन पिल्लं पटकन स्वीकारतात, पण दोन-तीन आठवड्यांत ते पिवळं पडून वास मारायला लागतं आणि बदलावं लागतं. रद्दी स्वस्त पडते खरी, पण कागदावर शिकलेलं पिल्लू आजोबांनी जमिनीवर पसरलेल्या पेपरवरही तितक्याच विश्वासानं बसतं. पहिले तीन-चार दिवस शूनं ओला झालेला कागदाचा छोटा तुकडा ट्रेच्या एका कोपऱ्यात ठेवा. त्या वासानं जागा ओळखू येते.

घड्याळ

किलो-दीड किलोच्या पिल्लाचं मूत्राशय फारच लहान असतं. मोठ्या जातीचं पिल्लू चार महिन्यांत जे जमवतं त्याला यांना सहा-आठ महिने लागतात, काहींना वर्षही. आठ आठवड्यांचं पिल्लू जागं असताना दर 45 ते 60 मिनिटांनी ट्रेवर न्यायचं. बाराव्या आठवड्याला हे अंतर दीड-दोन तासांवर जातं, सोळाव्याला तीनच्या आसपास. याखेरीज चार वेळा चुकवायच्या नाहीत: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, भरपूर पाणी प्यायल्यावर आणि खेळ रंगात आला असताना. शेवटची वेळ सगळेच विसरतात. पोरं चेंडू टाकत असतात, पिल्लू मधेच खेळ सोडतं, नाक जमिनीला लावून कोपऱ्याकडं निघतं. त्या क्षणी तुमच्या हातात दहा-पंधरा सेकंद असतात.

ट्रेवर ठेवल्यावर बोलू नका, खेळवू नका, मोबाईल बघू नका. पिल्लू करायला लागलं की हलक्या आवाजात ठरलेला शब्द म्हणा, 'शू कर' किंवा जो तुम्हाला आवडेल तो. मात्र घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी 'जा बाहेर' म्हणणार, मुलं 'चल चल' म्हणणार, असं झालं तर त्याला काहीच कळत नाही. करून झाल्यावर दोन-तीन सेकंदांत तिथंच खाऊ द्या: उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा, बिनमिठाचा. खाऊची डबी ट्रेजवळच असू द्या. स्वयंपाकघरात जाऊन खाऊ आणेपर्यंत पिल्लू तुमच्या मागं येतं, आणि त्याच्या लेखी बक्षीस मिळतं ते मागं आल्याचं. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर उचलून जवळ ठेवा आणि दहा मिनिटांनी परत न्या. मोकळं सोडलंत तर ते आतच करणार.

पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून आपण ही पिल्लं उचलूनच नेतो. सुरुवातीला ते बरोबर आहे, वाटेत सांडत नाही. पण तीन महिन्यांचं झालं की शेवटचे पाच-सहा फूट त्याला चालू द्या. कायम काखेत गेलेल्या पिल्लाला जागा माहीत असते, तिथं जायची वाट नाही. मग ते दाराशी जाऊन सांगत नाही, तुम्ही कधी उचलता याची वाट बघतं.

नजर नसेल तेव्हा

लक्ष देणं शक्य नसेल तेव्हा पिल्लाला पूर्ण घर मोकळं द्यायचं नाही. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद पिंजरा पुरतो: उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. त्याहून मोठा घेतला की एका टोकाला झोपणं आणि दुसऱ्या टोकाला शी, असा संसार सुरू होतो. दिवसा तास-दीड तासाहून जास्त कोंडू नये. जास्त वेळ बाहेर जायचं असेल तर जाळीचं कुंपण करून त्यात अंथरूण, पाणी आणि ट्रे असं तिन्ही ठेवा.

दाराजवळची पायपुसणी, गालिचा, खाली पसरलेली वाकळ दोन महिने उचलून ठेवा. मऊ आणि शोषून घेणारं काहीही पायाला लागलं की पिल्लाला ते ट्रेसारखंच वाटतं.

पिल्लू 45 दिवसांचं घरी आणायची आपल्याकडं रीत पडली आहे. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, आणि सवयीच्या दृष्टीनंही थांबण्यात फायदा आहे. झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायचं हे पिल्लू आई आणि भावंडांत राहूनच शिकतं. दुकानाच्या पिंजऱ्यात आपल्याच घाणीत झोपलेल्या पिल्लाची ही ओढ बोथट होते. असं पिल्लू आणलं असेल तर अंथरूण दिवसातून दोनदा बदला आणि दुप्पट दिवस धरून चाला.

आत झालंच तर

करताना सापडलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला, ट्रेवर न्या. नंतर सापडलं तर काही बोलू नका, पुसून टाका. नाक घासणं, चापट मारणं याचा परिणाम एकच होतो: पिल्लू तुमच्यादेखत करायचं टाळतं. मग ते ट्रेवरही तुमच्यासमोर करत नाही, सोफ्यामागं जाऊन करतं.

पुसण्यात बहुतेक घरं चुकतात. आधी जुन्या फडक्यानं टिपून घ्या, मग पाणी, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर दहा-पंधरा मिनिटं तसंच ओलं ठेवा. टाइल्सवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालतं. शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, हे दगड चुनखडीचे आहेत, पॉलिश उडतं. शहाबादी फरशी शू शोषूनही घेते, तिथं एन्झाइम क्लीनर दोनदा मारा. अमोनिया असलेलं द्रावण टाळा, त्याचा वास शूचीच आठवण करून देतो. काळं फिनेल तर घरातच नको, पंजे चाटताना ते पोटात जातं. पिल्लू पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात जात असेल तर अंधार करून नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीनं शोधा, वाळलेली शू चमकते.

खाणं आणि रात्र

शी वेळेवर हवी तर खाणं वेळेवर हवं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. वाटी वीस मिनिटांनी उचलायची. कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावात दुधाला नाही म्हणणं जड जातं, पण म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. जुलाब लागले की आठवडाभराची सवय एका रात्रीत जाते. रविवारी पांढऱ्या रश्श्याचा घोट किंवा मटणाचं शिजलेलं हाडूकही नको: कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि शिजलेलं हाड आतड्यात टोचतं. शू कमी व्हावी म्हणून उपाशी किंवा तहानलेलं ठेवणं धोक्याचं आहे. एवढ्याशा पिल्लाची साखर काही तासांत उतरते. ते लडखडायला लागलं, सुस्त पडलं तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून लगेच डॉक्टरकडं न्या.

रात्रीचं शेवटचं खाणं आठला, पाणी झोपेआधी तासभर उचललं तरी चालतं, मात्र मार्च ते मे सोडून. अकराला ट्रे, मग दोन-अडीचचा गजर. उठल्यावर दिवा मंद, बोलणं नाही, करून झालं की परत झोप. गजर दर आठवड्याला अर्ध्या तासानं पुढं ढकला.

पाहुणे आले की अंगावर उड्या मारत चार थेंब सांडणारं पिल्लू सवय विसरलेलं नसतं. आनंदानं किंवा भीतीनं ते आपोआप होतं, रागावलं की वाढतं. पाहुण्यांना सांगा, बसा, बघू नका, ते जवळ आलं की हात खालून पुढं करा. गणपतीत डॉल्बी सुरू व्हायच्या आधीच एकदा ट्रेवर नेऊन आणा, आवाज चालू झाला की ते बाहेर पाय टाकत नाही. शिकलेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब करायला लागलं, रक्त दिसलं किंवा सारखं चाटत असेल तर लघवीची तपासणी करून घ्या.

रंकाळ्यावर फिरवायची घाई नको. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढं दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पावसाच्या डबक्यांतून लेप्टो हा जिवाणूंचा आजार होतो. लसी पूर्ण झाल्यावर बाहेर नेलं की बरीच पिल्लं तासभर फिरून काहीच करत नाहीत आणि घरी येताच ट्रे गाठतात. अशा वेळी पहिल्या आठवड्यात ट्रेमधला ओला कागदाचा तुकडा पिशवीतून सोबत न्या, सकाळी उठल्याउठल्या बाहेर काढा, तो तुकडा गवतावर ठेवा आणि नेहमीचा शब्द म्हणा. खाऊही नेहमीसारखा तिथंच, दोन-तीन सेकंदांत.