बेअरिंग तापलं की आधी ग्रीस गन खाली ठेवा

आयटीआय करून नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये लागलो तेव्हा मला एकच औषध ठाऊक होतं: बेअरिंग तापलं की ग्रीस मारायचं. सेकंड शिफ्टला ब्लोअरच्या प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या हाउसिंगवर, हात टिकेना. टेम्परेचर गनवर 78 अंश. ग्रीस गनचे वीस स्ट्रोक मारले. अर्ध्या तासात 86. घाबरलो आणि ग्रीस गन रिकामी होईपर्यंत मारत राहिलो. सीलमधून चहासारखं पातळ तेल गळायला लागलं, तर मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं!

पोचलं कसलं, घुसळलं जात होतं. इथे जरा थांबून वाचा, माझी माती इथेच झाली. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. हाउसिंग गच्च भरलं की रोलरपुढचं ग्रीस बाजूला सरायला जागा उरत नाही. ते ताकासारखं घुसळतं आणि त्यानेच तापतं. तापलं की तेल पातळ, रोलर आणि रेस (ज्या कड्यावर रोलर फिरतात) यांच्यामधला तेलाचा थर फाटतो, धातू धातूला घासतो. त्यात हाउसिंगला निदान बाहेरची हवा लागते, आतल्या रेसला तीही नाही. ती जास्त फुगते, रोलरची बारीक मोकळी जागा, म्हणजे क्लिअरन्स, खाते, रोलर आवळले जातात, पुन्हा उष्णता. टेम्परेचर गनवर 86 दिसतं ते बाहेरचं. आत जास्तच असतं.

पहाटे बेअरिंग जाम. उघडलं तर आतली रेस निळी आणि केजवर (रोलर धरणाऱ्या जाळीवर) करपलेल्या सायीसारखा थर. एवढ्या ग्रीसमध्ये बेअरिंग कोरडं मेलं होतं.

गंमत म्हणजे पहिले वीस स्ट्रोक चुकले नव्हते. हिशोब असा: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.005, इतके ग्रॅम. 22216 नंबरच्या बेअरिंगला 140 गुणिले 33 गुणिले 0.005, म्हणजे साधारण 23 ग्रॅम; आमच्या गनचे वीस स्ट्रोक जवळपास तेवढेच. दहा स्ट्रोक कागदावर काढून वजन करा, आपली गन किती देते कळेल. ग्रीस मारल्यावर तापमान थोडं चढतंच, काही तासांत उतरतं. त्याला भिऊ नका. उतरलं नाही तर मात्र मशीन थांबवायला सांगा. शिव्या पडतील, पडू द्या.

जुने उस्ताद ‘सीलमधून बाहेर येईपर्यंत मार’ म्हणतात. त्यांना चहा पाजा, आवाज ऐकायला त्यांच्याकडूनच शिका, पण ग्रीस मोजूनच घाला. आणि रंग सारखा दिसला म्हणून दुसऱ्या डब्यातलं मिसळू नका.

हाउसिंगला खाली जुनं ग्रीस निघायचा प्लग असेल तर आधी तो उघडा. आमच्या हाउसिंगवर रंगाचे इतके हात चढले होते की तिथे प्लग आहे हेच मला बेअरिंग बदलताना दिसलं.