दुरुस्ती आपण करायची, पैसे भाड्यात वळते: हे नीट कसं ठरवावं

मालक परगावी, बाथरूमच्या भिंतीला ओल, आणि फोनवर एकच उत्तर: "तुम्हीच करून घ्या, भाड्यात बघू." या 'बघू'चा आकडा कामाला हात लावण्याआधी ठरवा. नंतर मालकाला बिल जास्त वाटतं, भाडेकरूला सूट कमी, आणि पैसे तर खर्च होऊन गेलेले असतात.

अंगावर घ्यायची कामं म्हणजे रंग, नळ, अँगल कॉक, फ्लशची टाकी, कड्या-बिजागऱ्या, टाइल्सच्या सांध्यांचं ग्राउटिंग. वायरिंग, भिंतीतले पाइप आणि स्लॅब मालकाने स्वतः माणूस लावून करावेत. वरच्या मजल्यावर गच्चीतून गळत असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) ते काम सोसायटीचं. तिथे स्वतःचा पैसा घालू नका, मालकाला सोसायटीकडे लेखी तक्रार द्यायला सांगा.

ओलीचं कारण कळल्याशिवाय रंगाचा सौदा करू नका. ओल्या भिंतीवर पुट्टी-प्रायमर चढवला की पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि 'काम तुम्हीच केलंत' हे ऐकावं लागतं. तपासणी सोपी आहे. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडात) कापडाचा घट्ट बोळा कोंबा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 24 तास बाथरूम वापरू नका. पातळी चांगलीच उतरली किंवा खालच्या घराच्या छताला ओल आली, तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या सांध्यात (आधी बोळा सैल नव्हता ना ते बघा). पाणी तसंच राहिलं, पण शॉवर सोडला की ओल वाढते, तर संशय भिंतीच्या टाइल्सवर आणि शॉवरच्या पाइपवर. पाण्याचा वापर बंद असतानाही ओल हटत नसेल, तर भिंतीतली दाबाची लाइन (नळांना पाणी पुरवणारा, सतत भरलेला पाइप) गळत असण्याची शक्यता मोठी. ते काम तुमचं नाही.

आता पैसे. किमान दोन कोटेशन घ्या, त्यांत सामान आणि मजुरी वेगळी लिहून. समजा भाडं 18,000 आणि काम 24,000 रुपयांचं. 'भाडं 16,000 करा' असं म्हणू नका. सूट कायमची चिकटेल या भीतीने मालक तिथेच अडतो. भाडं 18,000च ठेवा आणि दरमहा 4,000 असे 6 महिने वळते करा. रंग स्वतः देणार असाल तर मजुरीही आधीच ठरवा, रंगाऱ्याच्या दराच्या निम्मी मागणं वाजवी.

लिहायचं ते असं:

"सोबतच्या यादीतील कामे भाडेकरू करील. खर्चाची मर्यादा 24,000 रुपये. त्यापुढील खर्च मालकाच्या लेखी संमतीनेच. रक्कम दरमहा 4,000 प्रमाणे 6 महिने भाड्यातून वळती होईल. मुदतीआधी घर सोडल्यास उरलेली रक्कम डिपॉझिटसोबत परत मिळेल. बसवलेले सामान घरातच राहील."

'मुदतीआधी'चं वाक्य गाळू नका. दोन महिन्यांत मालकाने घर मागितलं तर 16,000 रुपये त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 14नुसार मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तिथे हिशेब आणि बिलं हाच पुरावा. मात्र ही तरतूद भाडेकरूसाठी आहे. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक, म्हणून त्याने तिच्या भरवशावर भाडं कापू नये. त्याचा खरा आधार करारातलं कलम. करार नोंदवतानाच ते घाला, चालू करारात दोघांच्या सह्यांचं पत्र जोडा.

काम चालू असताना आधीचे-नंतरचे फोटो काढा, काढलेला जुना नळ फेकू नका, दुकानदाराला पैसे यूपीआयने द्या. दर महिन्याला 14,000 पाठवताना मालकाला मेसेज करा: "भाडे 18,000, वळते 4,000, 6 पैकी हप्ता 2." आणि त्यांचं 'ठीक आहे' आलं की तो मेसेज जपून ठेवा.