हातघडणीची सुरी हाती आल्यावर या चुका टाळा

कारागिराकडे मागणी नोंदवून, पोलाद, पात्याची लांबी आणि मुठीचे लाकूड एकेक करून ठरवून, कित्येक महिने वाट पाहिल्यावर हाती आलेली सुरी वापरामुळे सहसा बिघडत नाही. तिचे बहुतेक नुकसान काळजीच्या नावाखाली होते.

सर्वांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे ती चामड्याच्या म्यानातच ठेवून देणे. चामडे हवेतील ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात काही प्रमाणात उरलेली असतात, त्यामुळे पात्यावर गंजाचे ठिपके उमटतात आणि मुठीजवळच्या पितळेवर हिरवट थर चढतो. म्यान सुरी सोबत नेण्यासाठी आहे. एरवी पाते कोरडे पुसून, खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, ती म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवावी. स्वयंपाकाचे बहुतेक तेल हवेने कालांतराने चिकट होते, म्हणून ते या कामासाठी टाळलेले बरे.

दुसरी चूक डाग आणि गंज यांतील फरक न ओळखण्याची आहे. १०९५ सारख्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसते, तर न गंजणाऱ्या पोलादात ते किमान १०.५ टक्के असावे लागते. साहजिकच कांदा किंवा लिंबू कापल्यावर कार्बन पोलाद करडे-निळसर पडते. हा थर निरुपद्रवी असून पुढच्या गंजाला तो थोडाफार अडवतोही, तरीही हौशी मालक तो काथ्याने घासून काढतात आणि पाते पुन्हा उघडे पाडतात. लालसर-नारिंगी, बोटाला खरखरीत लागणारा थर मात्र गंजच होय. तो दिसताच तेल आणि अत्यंत बारीक पोलादी लोकर घेऊन हलक्या हाताने काढावा. दमास्कस नक्षीच्या पात्यावर हाही उपाय जपूनच करावा. तेथे १०८४ आणि निकेलयुक्त १५एन२० यांसारख्या पोलादांचे थर आम्लात बुडवून नक्षी उठवलेली असते. निकेलचा थर चमकदार राहतो व दुसरा काळवंडतो, आणि जोराने घासल्यास हा भेदच पुसट होतो. मग पाते पुन्हा आम्लात बुडवण्यासाठी कारागिराकडे पाठवण्यावाचून इलाज उरत नाही.

भरून न येणारे नुकसान करते ती विजेवर फिरणारी कोरडी सहाण. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करत कठीण केलेल्या, साध्या कार्बन पोलादाचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते सहसा १७५ ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवलेले असते. धारेची कडा इतकी पातळ असते की सहाणेवर ती क्षणात त्यापलीकडे तापते. निळा रंग दिसला, म्हणजे तापमान ३०० अंशांजवळ पोहोचून पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. रंग घासून घालवता येतो, गेलेला कठीणपणा तसा परत येत नाही. मऊ झालेला भाग झिजवून तरी काढावा लागतो, नाहीतर पात्यावर उष्णतेची सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते.

त्याऐवजी १००० ग्रिटच्या (म्हणजे मध्यम बारीक कणांच्या) दगडावर, पाणी घालून, हाताने धार लावावी. पुष्कळ घासूनही धार येत नसेल तर दोष बहुधा पाते दगडावर धरण्याच्या कोनाचा असतो. कडेवर मार्करची शाई लावून दोन-तीन हात फिरवावेत: शाई धारेच्या अगदी कडेला शिल्लक राहिली तर कोन कमी पडतो आहे, आणि फक्त त्या कडेचीच गेली तर तो जास्त होतो आहे. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक लव संपूर्ण लांबीभर जाणवेपर्यंत बाजू बदलू नये. ही लव शेवटी काढली नाही, तर सुरी पहिल्या दिवशी सपासप कापते आणि लगेच बोथट होते.

धारेला खांडे पडत असतील तर पोलादाला दोष देण्याआधी कापण्याची पद्धत पाहावी. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या वरचे पाते हाड, काचेचा पाट किंवा पाते रुतलेले असताना दिलेला पीळ सहन करीत नाही.

मुठीविषयी थोडक्यात इतकेच, की लाकूड भिजत ठेवू नये आणि भांडी धुण्याच्या यंत्रात सुरी कधीही घालू नये. मुठीच्या पट्ट्या हलू लागल्या तर झटपट चिकटणारा गोंद ओतू नये, कारण दुरुस्तीपूर्वी कारागिराला तो आधी खरवडून काढावा लागतो. सुरी ताब्यात घेतानाच पोलादाचे नाव, कठीणपणा आणि धारेचा कोन त्याच्याकडून लिहून घ्यावा. पुढे धार कोणीही लावली तरी ही माहिती त्याला लागणारच असते.