शिळ्या चपातीचा लगदा का होतो? या चुका टाळा

मिसळ खाताना स्लाईसचा एक कोपरा कटात बुडतो आणि आपण गप्पांत रमतो. दोन मिनिटांनी तो उचलावा तर तर्रीने लाल झालेला, आतपर्यंत मऊ, तरी बोटांतून गळून न पडणारा. कोल्हापुरी मिसळीतला मला सगळ्यात आवडणारा घास हाच. पण तो जमतो आदल्या दिवशीच्या ब्रेडनेच. ताजी, लुसलुशीत स्लाईस रश्श्यात टाकली की तिचा चिखल होतो.

घरी शिळी चपाती, भाकरी किंवा ब्रेड वापरताना बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. शिळ्याला आपण उरलंसुरलं समजतो आणि कसंतरी संपवतो. आमच्या घरी संध्याकाळी दोन भाकरी मुद्दाम जास्त थापल्या जायच्या, सकाळसाठी. त्या बुट्टीत फडक्याखाली रात्रभर पडून राहणं हा स्वयंपाकाचाच भाग होता.

शिळं आणि खराब यांत गल्लत करू नका

भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाल्यावर तो हळूहळू परत आवळला जातो, म्हणून चपाती कडक होते. हे शिळेपण. बुरशी ही निराळीच गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, प्लास्टिकच्या पिशवीत आतून पाणी सुटतं आणि ब्रेड शिळा होण्याआधीच बुरसतो. हिरवा ठिपका दिसला की तेवढाच कोपरा कापून बाकीचा खाऊ नका, बुरशीचे धागे आत पसरलेले असतात. आणखी एक खूण लक्षात ठेवा: दमट उकाड्यात ब्रेड कधी आतून चिकट होतो, तोडताना बारीक तार सुटते, अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. तोही सरळ टाकायचा. भाजून किंवा फोडणी देऊन तो सुधारत नाही.

ताजा ठेवायचा म्हणून ब्रेड फ्रीजमध्ये ठेवणं ही तर घरोघरीची चूक. फ्रीजच्या 4-5 अंश थंडीत स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर आवळतो. खूप दिवस ठेवायचा असेल तर स्लाईस सुट्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. शिळाच हवा असेल तर रात्रभर पातळ फडक्याखाली ठेवा. पावसाळ्यात मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडा करून घ्या.

कुस्करा: पाणी कधी आणि किती

सगळ्यात जास्त तक्रारी चपातीच्या कुस्कऱ्याच्या. माझाही पहिला कुस्करा कढईत गोळा होऊन बसला होता. दुपारच्या ताज्या चपात्या मी मिक्सरमधून काढल्या होत्या आणि वर अर्धी वाटी पाणी ओतलं होतं, म्हणजे तिन्ही चुका एकदम.

ताज्या चपातीत ओलावा भरपूर असतो, तिचे तुकडे एकमेकांना चिकटतात. मिक्सरने निम्म्याचं पीठ होतं, आणि पाणी पडलं की तेच पीठ खळीसारखं काम करतं. म्हणून चपाती हातानेच कुस्करा. काही तुकडे नखाएवढे, काही रुपयाएवढे, असे असमान राहू द्या. बारीक तुकडे मऊ होतात, मोठे कढईला लागून कडेने कुरकुरीत होतात, आणि खरी मजा त्यातच आहे.

5-6 चपात्यांना 2 कांदे घ्या. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, मग कांदा चांगला लाल होऊ द्या, कारण कच्चा राहिलेला कांदा नंतर पाणी सोडतो. चमचाभर कांदा-लसूण चटणी तेलात घाला, पण आच कमी करून. करपली तर सगळा कुस्करा कडू. मग चपाती घालून 3-4 मिनिटं कोरडीच परता. पाण्याची वेळ त्यानंतर येते: हाताने शिंतोडे, फार तर 2-3 चमचे. झाकण ठेवा, 2 मिनिटांत गॅस बंद. वाफेने स्टार्च पुन्हा सैल पडतो. तो गार झाला की आधीपेक्षा लवकर कडक होतो, म्हणून कुस्करा कढईतून थेट ताटात.

ताकातली भाकरी

जोंधळ्यात गव्हासारखं पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नसतं. त्यामुळे ताजी भाकरी ताकात पडली की विरघळून पेज होते. रात्रीची भाकरी मात्र टिकते. एका भाकरीला दीड वाटी ताक, 10 मिनिटं भिजू द्या. फोडणी वेगळी करा, थोडी निवू द्या, मग वरून घाला. ताक फोडणीत ओतून खळखळून उकळलं की फाटतं. सोबत खर्डा आणि कच्चा कांदा असला की दुसरं काही लागत नाही.

ब्रेड भिजवला तर पिळा

कटलेट तेलात फुटण्याचं कारण बरेचदा न पिळलेला ब्रेड असतं. 4 बटाट्यांना 2 शिळ्या स्लाईस पुरतात. पाण्यात बुडवायच्या आणि लगेच दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं. इटलीत टस्कनीकडे कडक पाव असाच भिजवून, घट्ट पिळून टोमॅटो, कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेलात कालवतात. त्याला पान्झानेला म्हणतात, आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीणच. पिळण्यात हयगय केली तर तीही पाणचट होते.

गोडाचं थोडक्यात. मलिद्यासाठी शिळी चपाती आधी तव्यावर गरम करून मग कुस्करा, नाहीतर गुळाचे खडे तसेच दाताखाली येतात. लाडू वळायचे असतील तर गूळ तुपात फक्त विरघळेपर्यंत ठेवा. पाक झाला की लाडू दगड होतात.

शेवटची चूक सोमवार सकाळची. रविवारचा तांबडा रस्सा उरलेला असतो आणि घाईत भाकरी थेट पातेल्यात टाकून उकळली जाते. तळाला लागते, रस्सा पिठाळ होतो, तर्री दिसेनाशी होते. भाकरी ताटात चुरा, रस्सा वेगळा कडकडीत गरम करा, वरून ओता आणि दुसरं ताट पालथं घालून 5 मिनिटं झाकून ठेवा. लिंबू खाताना पिळा.